लोकअदालत ‘मोफत’ म्हणजे नेमकं काय? तडजोडीच्या न्यायामागचा सरकारी पैसा आणि सीमाभागातला पक्षकार

राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख जवळ आली की बेळगावपासून बिदरपर्यंत आणि पणजीपासून ग्वाल्हेरपर्यंत कोर्टांच्या आवारात फलक लागतात. भाषा वेगवेगळी, सांगणं एकच : पडून राहिलेला दावा तडजोडीने मिटवा, खर्च काही नाही, भरलेली कोर्ट फी परत. फलक खोटा नाही. पण ‘खर्च नाही’ म्हणजे त्या दिवशी, त्या टेबलावर, पक्षकाराला खर्च नाही, एवढंच. पॅनलवरच्या माणसांचं मानधन, मध्यस्थीची खोली, नोटिसांचं टपाल, कारकुनाचा पगार हे कुणीतरी भरतंच. हा पैसा कुठून येतो, कशावर जातो आणि कशावर जात नाही, हे ठाऊक असलं तर वाटणीच्या किंवा चेकच्या कज्ज्यात अडकलेल्या माणसाला नेमकं काय मागायचं ते कळतं. न मागितलेली सवलत आपण होऊन घरी चालत येत नाही.

मुळात ही व्यवस्था आली कुठून, ते थोडक्यात. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम ३९-अ आलं. पैशाअभावी किंवा दुसऱ्या अडचणीमुळे कुणाला न्याय नाकारला जाऊ नये, त्यासाठी राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी, असं ते सांगतं. १४ मार्च १९८२ रोजी गुजरातमध्ये, तेव्हाच्या जुनागढ जिल्ह्यातल्या उना इथे पहिली लोकअदालत भरली. तेव्हा तिच्या मागे कायदा नव्हता. तडजोड झाली आणि पुढे एका बाजूने शब्द फिरवला, की सगळं मुसळ केरात. १९८७ साली संसदेने विधी सेवा प्राधिकरण कायदा केला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याने लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ दिलं. त्यावर अपील नाही. म्हणजे सही करण्याआधी जो विचार करायचा तो करून घ्यायचा. नंतर वाट जवळजवळ बंद.

पैसा कोणत्या खिशातून

कायद्याने तीन पातळ्यांवर प्राधिकरणं उभी केली : राष्ट्रीय (नालसा), राज्य आणि जिल्हा. प्रत्येक पातळीवर एक विधी साहाय्य निधी आहे. राष्ट्रीय निधीत केंद्र सरकारचं अनुदान आणि देणग्या येतात. त्यातून राज्यांना पैसे जातात. राज्याच्या निधीत नालसाकडून आलेली रक्कम, राज्य सरकारचं अनुदान आणि इतर जमा पडते, आणि तिथून जिल्ह्याला वाटा मिळतो. कार्यालयाचा पगार आणि प्रशासकीय खर्च मात्र या निधीतला नाही. राष्ट्रीय प्राधिकरणाचा तो खर्च देशाच्या संचित निधीतून होतो, राज्य आणि जिल्हा प्राधिकरणांचा त्या त्या राज्याच्या संचित निधीतून.

हा तपशील कोरडा वाटेल, पण आपल्यासारख्या राज्याच्या हद्दीवर राहणाऱ्यांना तो महत्त्वाचा आहे. कायदा केंद्राचा असला तरी बेळगावच्या मध्यस्थी केंद्रातला कारकून कर्नाटकच्या तिजोरीतून पगार घेतो आणि चंदगडचा माणूस ज्या जिल्हा प्राधिकरणाकडे जातो ते महाराष्ट्राच्या. पंचवीस-तीस किलोमीटरच्या अंतरात कायदा तोच असतो, पण मनुष्यबळ, मानधनाचे दर आणि नियमावली बदलते.

निधीत आणखी एक जमा आहे, तिची चर्चा कमी होते. कोर्टांच्या आदेशाने भरलेल्या रकमाही तिथे येतात. चेक न वटल्याच्या खटल्यांत हे ठळकपणे दिसतं. उशिरा तडजोड करणाऱ्या आरोपीने दंडादाखल रक्कम विधी सेवा प्राधिकरणात भरावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ठरवून दिलं : खालच्या कोर्टात उशीर केला तर चेकच्या रकमेच्या १० टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात १५, सर्वोच्च न्यायालयापर्यंत ओढलं तर २०. पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच मिटवलं तर काही नाही. २०२५ साली गोव्याहून वर गेलेल्या एका चेकच्या खटल्यात न्यायालयाने हे दर खाली आणले. आरोपीने आपला पुरावा द्यायच्या आधी तडजोड केली तर शून्य, त्यानंतर ५ टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात साडेसात आणि सर्वोच्च न्यायालयात १०. चेकचा खटला अंगावर असलेल्याने हे आकडे घराच्या भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही. लवकर मिटवण्याला कायदा थेट पैशांत बक्षीस देतो, असं उदाहरण दुसरं क्वचित.

इमारत झाली, माणसाच्या वेळेचं काय?

लोकअदालत आणि मध्यस्थी या दोन गोष्टी एकच, असा समज सर्रास आहे. लोकअदालत एका दिवसाची असते. पॅनलसमोर प्रकरण येतं, बोलणी आधीच झालेली असतात किंवा तिथल्या तिथे होतात, आणि सही होते. मध्यस्थीत प्रशिक्षित मध्यस्थ दोन्ही बाजूंना एकत्र आणि वेगवेगळं बसवून, दोन-चार बैठका घेऊन, भांडणाच्या मुळाशी जातो. भावाभावांच्या वाटणीत मूळ भांडण जमिनीचं नसतं, आईच्या आजारपणात कोणी पाहिलं याचं असतं, हे पाच मिनिटांत उलगडत नाही. त्याला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पैसा. सरकारी खर्चाची अडचण नेमकी इथे आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ नव्या रूपात १ जुलै २००२ पासून लागू झालं. तडजोडीची शक्यता दिसली तर कोर्टाने प्रकरण लवाद, समेट, लोकअदालत किंवा मध्यस्थीकडे पाठवावं, असं ते म्हणतं. कलमाची भाषा इतकी गोंधळाची होती की २०१० च्या अ‍ॅफकॉन्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला त्यातल्या व्याख्यांची अदलाबदल झाल्याचं सांगून ते नीट लावून द्यावं लागलं. त्याच निकालाने हेही स्पष्ट केलं की लवाद आणि समेट यांच्यासाठी दोन्ही पक्षांची संमती हवी. मध्यस्थीला मात्र कोर्ट स्वतः पाठवू शकतं. लवादाचा खर्च पक्षकारांचा, सरकार त्यात पैसा घालत नाही.

मध्यस्थाची फी कोणी द्यायची, हा प्रश्न २००५ च्या सेलम बार असोसिएशन प्रकरणात थेट आला. कोर्टच पक्षकारांना सक्तीने मध्यस्थीला पाठवत असेल आणि वर फीही त्यांनीच भरायची असेल, तर लोक कशाला येतील? हा खर्च सरकारने उचलला तर लोक पुढे येतील, असं न्यायालयाने म्हटलं आणि नियोजन आयोग व वित्त आयोगाकडे त्यासाठी स्वतंत्र तरतूद मागावी, असं केंद्राला सुचवलं. राज्यांतल्या कोर्टांत चालणारे कितीतरी दावे केंद्राच्या कायद्यांखालचे असतात, मग भार एकट्या राज्यांवर का, हा त्यामागचा युक्तिवाद. तो आजही तितकाच खरा आहे.

त्यानंतर तेराव्या वित्त आयोगाने २०१० ते २०१५ या काळासाठी न्यायदान सुधारण्यास ५,००० कोटी रुपयांची शिफारस केली. निम्मे, म्हणजे २,५०० कोटी, सकाळ-संध्याकाळच्या आणि पाळीच्या कोर्टांसाठी. पर्यायी तंटानिवारण केंद्रं उभारणं आणि मध्यस्थांचं प्रशिक्षण यासाठी ७५० कोटी. लोकअदालत आणि विधी साहाय्यासाठी वेगळे ३०० कोटी. आज अनेक जिल्हा न्यायालयांच्या आवारात ‘एडीआर सेंटर’ अशी पाटी असलेली स्वतंत्र इमारत दिसते, तिचं मूळ बहुतेक ठिकाणी या अनुदानात आहे. एकूण ५,००० कोटींतला मोठा भाग मात्र मुदतीत खर्चच झाला नाही. संध्याकाळची कोर्टं वकील आणि कर्मचारी दोघांनाही फारशी रुचली नाहीत.

चौदाव्या आयोगाने वाट बदलली. केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के केला आणि न्यायव्यवस्थेवरचा वाढीव खर्च त्यातूनच करा, असं राज्यांना सांगितलं. वेगळं, नाव घालून दिलेलं अनुदान नाही. कागदावर हे योग्यच वाटतं. प्रत्यक्षात राज्याच्या अर्थसंकल्पात मध्यस्थीची मागणी रस्ते, पाणी, शाळा आणि शेतकऱ्यांच्या वीजबिलांच्या रांगेत उभी राहिली, आणि मध्यस्थी केंद्रासाठी कुठल्या गावात मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही.

परिणाम असा की भिंती एकदा बांधून झाल्या, पण आत बसणाऱ्या माणसाच्या तासांचा खर्च दरवर्षी लागतो, तो तुटपुंजा राहिला. मध्यस्थ बहुतेक ठिकाणी वकिली करणारेच असतात. चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतलेले, आपली कामं बाजूला ठेवून येणारे. त्यांना प्रकरणामागे मानधन मिळतं, आणि तडजोड झाली तर जास्त, फिसकटली तर कमी अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. या लेखकाच्या मते ही पद्धत चुकीची आहे. प्रामाणिकपणे चार बैठका घेऊनही समेट होत नाही अशी भांडणं असतातच. तिथे मध्यस्थाचा वेळ वाया गेला असं धरणं म्हणजे कमकुवत बाजूवर ‘घे बाबा मिटवून’ असा दाब टाकायला मुभा देणं.

लोकअदालतीच्या आकड्यांचंही तसंच. पहिली राष्ट्रीय लोकअदालत २३ नोव्हेंबर २०१३ रोजी झाली. आता वर्षातून साधारण चार वेळा होते. संध्याकाळी निकाली प्रकरणांचा जो मोठा आकडा जाहीर होतो त्यात बँकांची आणि वीज कंपन्यांची दाखलपूर्व प्रकरणं, वाहतुकीची चलनं असा मोठा भरणा असतो. त्यातून कोर्टाचा बोजा कमी होतो हे खरं, पण दाखलच न झालेलं प्रकरण मिटलं म्हणजे पंधरा वर्षांचा वाटणीचा दावा मिटला, असं नव्हे. निधी मागताना आणि देताना हाच आकडा पुढे केला जातो, म्हणून वाचकाने तो जरा सोलून पाहावा.

काय फुकट, काय नाही

लोकअदालतीत प्रकरण ठेवायला कुणालाच फी नाही, उत्पन्नाची अटही नाही. कोर्टाने कलम ८९ खाली न्यायालयाच्या केंद्रात पाठवलेली मध्यस्थीही सर्वसाधारणपणे पक्षकाराला विनामूल्य असते. मोफत वकील हवा असेल तर मात्र पात्रता लागते. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीतले लोक, दिव्यांग, कोठडीतले, आपत्तीग्रस्त, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे आणि ती राज्य ठरवतं. सर्वोच्च न्यायालयासाठी ती वार्षिक ५ लाख रुपये आहे. घरची सधन बाई असली तरी तिला मोफत वकिलाचा हक्क आहे, हे बऱ्याच जणींना, आणि खरं तर बऱ्याच वकिलांच्या कारकुनांनाही, माहीत नसतं. वडिलोपार्जित जमिनीत वाटा मागणाऱ्या बहिणींसाठी हे कामाचं आहे.

वीज, पाणी, टपाल, वाहतूक, दवाखाना, विमा अशा सार्वजनिक सेवांच्या तक्रारींसाठी स्थायी लोकअदालत असते. एक कोटी रुपयांपर्यंतची प्रकरणं तिथे जातात, फी नाही, आणि तडजोड झाली नाही तर ती गुणदोषांवर निकालही देऊ शकते. नेहमीच्या लोकअदालतीला तो अधिकार नाही. संमती नसताना भरपाईची रक्कम स्वतःच ठरवणाऱ्या लोकअदालतीचा निवाडा टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पंजाबमधल्या एका प्रकरणात २००८ साली सांगितलं आहे. असा निवाडा रद्द करायचा तर उच्च न्यायालयात रिट याचिका, दुसरा मार्ग नाही.

कोर्ट फी परत मिळण्याचा मामला थोडा अडचणीचा. १८७० च्या केंद्रीय कोर्ट फी कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, कोर्टाने कलम ८९ खाली पाठवलेलं प्रकरण मिटलं तर वादीला पूर्ण फी परत मिळते. कोर्ट तसा दाखला देतं आणि रक्कम जिल्हाधिकाऱ्याकडून घ्यायची असते. लोकअदालतीत मिटलेल्या दाव्यांनाही विधी सेवा कायद्याने हाच नियम लावला आहे. पण कोर्ट फी हा राज्यांच्या यादीतला विषय. महाराष्ट्र, कर्नाटक यांचे आपापले कायदे आहेत, आणि कोर्टाबाहेर आपापसात मिटवलं तर किती परत मिळणार हे राज्यागणिक बदलतं. तामिळनाडूच्या कायद्याचा उदार अर्थ लावून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये खासगी तडजोडीलाही परतावा दिला, पण तो निकाल दाखवून सगळीकडे पैसे मिळतीलच असं धरू नये. आपसात ठरलंच असेल तर सही करण्यापूर्वी कोर्टाकडून प्रकरण लोकअदालतीत किंवा मध्यस्थीत पाठवून घेणं शहाणपणाचं. आणि परतावा वादीच्या हातात पडतो, हे प्रतिवादीनेही ध्यानात ठेवावं. रक्कम मोठी असेल तर तडजोडीच्या आकड्यात तिचा हिशेब धरता येतो.

व्यापारी दाव्यांत चित्र वेगळं आहे. ३ लाखांच्या वरचा व्यापारी दावा, तातडीचा मनाईहुकूम वगैरे मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थीला गेल्याशिवाय दाखलच होत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट सक्तीची ठरवली. ही मध्यस्थी विधी सेवा प्राधिकरणच घेतं, पण फुकट नाही. अर्जाला १,००० रुपये, आणि दोन्ही बाजू तयार झाल्या तर २०१८ च्या नियमांप्रमाणे ३ ते १० लाखांच्या मागणीला एकूण १५,००० रुपये फी, वाढत वाढत ३ कोटींच्या वर ७५,०००. दोघांनी निम्मी निम्मी भरायची. २०२३ चा मध्यस्थी कायदाही याच दिशेने जातो. त्यातली काही कलमं ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. खर्च पक्षकारांनी समान वाटून घ्यावा हा त्याचा सर्वसाधारण नियम, गावपातळीवरच्या सामुदायिक मध्यस्थीला त्यातून वगळलेलं. मध्यस्थीला चालना देण्यासाठी एक निधीही त्यात सांगितला आहे. गावच्या सामुदायिक मध्यस्थीत झालेल्या कराराची मात्र कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी होत नाही, हे विसरू नका.

मुद्रांक शुल्क तर कुठल्याच ‘मोफत’मध्ये बसत नाही. वाटणीचा अंतिम हुकूमनामा हा मुद्रांकाच्या दृष्टीने वाटणीपत्रच. तो तडजोडीने झाला तरी शुल्क राज्याच्या दराने लागतं.

हद्दीवरचा दावा, दुसऱ्या भाषेतला निवाडा

समजा घर बेळगावात, शेती चंदगड तालुक्यात, एक भाऊ पुण्याला आणि बहीण म्हापशाला दिलेली. स्थावर मालमत्तेचा दावा मालमत्ता जिथे तिथे चालतो. पण ती अनेक कोर्टांच्या हद्दींत पसरलेली असेल तर त्यातल्या कुठल्याही कोर्टात दावा घालता येतो. मोफत वकिलाचा अर्ज शक्यतो ज्या जिल्ह्यात दावा आहे तिथल्या प्राधिकरणाकडे करायचा. अर्जदार त्या राज्याचा रहिवासी हवा अशी अट कायद्यात नाही. ‘तुम्ही महाराष्ट्राचे, तिकडे जा’ असं कुणी सांगितलं तर ते ऐकून परत येऊ नका.

कार्यालय सापडणं हीसुद्धा एक गोष्ट आहे, कारण पाटी प्रत्येक राज्यात निराळी. महाराष्ट्रात ‘जिल्हा विधी सेवा प्राधिकरण’, इंदूर-ग्वाल्हेरला ‘जिला विधिक सेवा प्राधिकरण’, कर्नाटकात ‘कानूनु सेवेगळ प्राधिकार’, वडोदऱ्यात ‘कानूनी सेवा सत्ता मंडळ’, हैदराबादेत ‘न्याय सेवाधिकार संस्था’. हे सगळं एकाच कायद्याखालचं एकच कार्यालय आहे आणि ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात किंवा जवळ असतं.

भाषेचा मुद्दा सगळ्यात नाजूक. लोकअदालतीला दिवाणी प्रक्रिया संहितेचं बंधन नाही, त्यामुळे बोलणी मराठीत व्हायला आडकाठी नसते, आणि आपल्या भागात ती होतातही. कागद मात्र वेगळा. नालसाच्या २००९ च्या नियमांप्रमाणे निवाडा स्थानिक कोर्टात वापरल्या जाणाऱ्या प्रादेशिक भाषेत किंवा इंग्रजीत लिहायचा, आणि तो स्पष्ट व सुबोध हवा. म्हणजे बेळगाव, निपाणी, बिदरला तो कन्नड किंवा इंग्रजीत येणार. बोललो मराठीत, सही केली कन्नडवर, आणि अपील नाही! सर्व्हे नंबर, हिस्सा, चतुःसीमा, पैसे देण्याची तारीख यांतली एक चूकही पिढीला पुरते. म्हणून सहीपूर्वी मजकूर शब्दशः मराठीत वाचून दाखवायला सांगावा, आणि तसा वाचून समजावून दिल्याची नोंद निवाड्यातच घ्यायला सांगावी. वकील घाई करत असेल तरी. कागदपत्रांच्या भाषांतराचा खर्च मोफत कायदेशीर मदतीत बसतो. पात्र पक्षकाराने तो अर्जातच लिहून मागावा. कर्नाटकातले मराठी पक्षकार ही मागणी फारच कमी करतात, आणि मागणी नसली की तरतूदही होत नाही.

जिल्हा प्राधिकरणाला वर्षात किती रक्कम आली, मध्यस्थांच्या मानधनावर किती गेली, फलक-मंडपावर किती आणि भाषांतरावर किती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. या प्राधिकरणांच्या हिशेबांची तपासणी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात, तेव्हा हिशेब ठेवलेलाच नाही असं उत्तर चालत नाही. अर्ज कुठे करायचा किंवा वकील मिळायला उशीर का होतोय, यासाठी नालसाचा देशभरचा क्रमांक १५१०० आहे.